आपलं पत्र आपणच वाचावं

आपल्याकडे खेड्यात पत्र यायचं, तेव्हा ते एकट्याचं कधीच नसायचं. मुंबईला गिरणीत गेलेल्या मुलाचं किंवा आखाती देशात कामाला गेलेल्या नवऱ्याचं पत्र आलं, की पोस्टमन नाहीतर शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचत. पैसे किती पाठवले, दुखणं काय आहे, कुणावर रुसवा आहे, सगळं आळीला कळायचं. पुढे माणसं शिकली आणि ज्याचं पत्र त्याच्या हाती आलं. पण ज्यांना दिसत नाही, त्यांचं पत्र मात्र फार काळ दुसऱ्याच्या तोंडीच राहिलं. २०११च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर नोंदली गेली. इतक्या माणसांचं टपाल दुसऱ्यानं वाचायचं, ही साधी गोष्ट नाही.

ई-मेल आणि स्क्रीन रीडर मिळून ही अवस्था बदलू शकतात. ‘बदलू शकतात’ असं मी जपून म्हणतो. कारण ई-मेल कोणत्या प्रोग्राममधून वाचायचा, यावर बरंच काही अवलंबून असतं. आज त्याविषयीच बोलू.

आधी एक जुनी हकिकत सांगतो. इटलीत १८०८च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थानं अक्षरं उमटवणारं एक यंत्र तयार केलं. टाइपरायटरच्या अगदी पहिल्या नमुन्यांत त्याची गणना होते. ते त्यानं केलं ते कॅरोलिना फँतोनी या आपल्या अंध मैत्रिणीसाठी. तिला आपली पत्रं लेखनिकाला न सांगता स्वतः लिहिता यावीत, एवढाच हेतू होता. यंत्र काळाच्या ओघात गेलं, पण त्यावर लिहिलेली तिची काही पत्रं आजही जपलेली आहेत. म्हणजे आज आपण ज्या कळफलकावर बोटं चालवतो, त्याच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच एका अंध बाईची खासगी पत्रं आहेत.

आता स्क्रीन रीडर म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावर जे असतं ते आवाजात सांगणारा हा प्रोग्राम. ‘पाठवा, बटण’, ‘विषय, लिहिण्याची जागा’, ‘न वाचलेलं पत्र’ अशा रीतीनं तो प्रत्येक गोष्टीचं नाव, तिचं काम आणि तिची स्थिती सांगतो. माउस बाजूला राहतो, सगळं काम कळफलकावर होतं. अमेरिकेतला ‘जॉज’ हा या प्रकारातला जुना आणि नावाजलेला प्रोग्राम, पण तो विकत घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो सर्वांना मोफत दिला. आज जगभर तो वापरला जातो. त्याच्यासोबत येणाऱ्या ‘ई-स्पीक’ या आवाजात मराठीही आहे. आवाज यंत्राचा वाटतो, पण आठ-दहा दिवसांत कान सरावतो. सेटिंगमध्ये मराठी आवाज निवडून ठेवावा लागतो, नाहीतर मराठी मजकूर नीट वाचला जात नाही. विंडोजमध्ये ‘नॅरेटर’ आधीपासूनच असतो, आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. डोळा सगळं पान एकदम पाहतो आणि नको ते टाळून हव्या त्या ओळीवर जातो. कानाला ही सोय नाही. कान एकामागून एक ऐकतो. डोळस माणसाला पडद्यावरची वीस बटणं अडचण करत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र पत्रापर्यंत पोचण्याआधी ती वीस बटणं ऐकावी लागू शकतात. म्हणून दिसायला देखणा प्रोग्राम ऐकायला चांगला असेलच असं नाही. निवड करताना ही एकच गोष्ट सारखी विचारायची, की हव्या त्या ठिकाणी हा मला किती लवकर नेतो आणि वाटेत काय काय ऐकवतो.

ई-मेल वाचण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट ब्राउझरची. जीमेलचं पान उघडायचं आणि तिथेच वाचायचं. पूर्वी जीमेलची एक साधी मांडणी असे, ‘बेसिक एचटीएमएल’ नावाची. तीत झगमग नव्हती, नुसत्या ओळी आणि दुवे होते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अनेकांना ती सोयीची वाटायची. २०२४मध्ये ती बंद झाली. आताची नेहमीची मांडणीही स्क्रीन रीडरवर चालते, पण तिचा एक गुंता समजून घ्यावा लागतो. वेबपान वाचताना एनव्हीडीए एकेका अक्षराच्या कळीला अर्थ देतो. इंग्रजी ‘के’ दाबलं की पुढचा दुवा, ‘ई’ दाबलं की पुढची लिहिण्याची जागा. जीमेलमध्येही शॉर्टकट चालू केले की त्याच कळांना दुसरे अर्थ येतात. तिथे ‘के’ म्हणजे शेजारचं पत्र आणि ‘ई’ म्हणजे समोरचं पत्र यादीतून काढून संग्रहात टाकणं. एकाच कळीचे दोन मालक. कोणाचं राज्य चालू आहे ते इन्सर्ट आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबून बदलता येतं. हे अंगवळणी पडलं की काम जलद होतं. तोवर पत्र कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं. ज्याला कधी घरच्या, कधी कॉलेजच्या, कधी नेटकॅफेच्या संगणकावर बसायचं आहे, त्यानं ही वाट शिकून घ्यावी. तिला काही बसवावं लागत नाही.

दुसरी वाट संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामची. विंडोज एक्सपीच्या काळात ‘आउटलुक एक्सप्रेस’ होतं. साधी यादी, एंटर दाबा, पत्र वाचा. एक्सपीबरोबर तेही मागे पडलं. विंडोज १०मधलं ‘मेल’ हे ॲप ३१ डिसेंबर २०२४ला बंद झालं आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. हे नवं आउटलुक वेबपानाच्या धर्तीवर बांधलेलं आहे, आणि मोफत वापरणाऱ्याच्या पत्रांच्या यादीत जाहिरातीही येतात. डोळा जाहिरात ओलांडतो, कानाला ती ऐकून मग सोडावी लागते. ऑफिसच्या पॅकेजमधलं जुनं आउटलुक मात्र जॉज आणि एनव्हीडीए दोन्हींवर चांगलं चालतं. नोकरीच्या ठिकाणी तेच असेल तर तेच शिकावं.

घरी वापरायला मोफत हवा असेल तर ‘थंडरबर्ड’ पाहावा. मोझिला या संस्थेनं २००४मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती काढली. त्यात फोल्डर, पत्रांची यादी आणि पत्राचा मजकूर असे तीन भाग असतात. एफ-सहा या कळीनं एका भागातून दुसऱ्यात जाता येतं. एफ-आठ दाबलं की मजकुराचा भाग मिटतो, मग यादीत एंटर दाबून पत्र वेगळं उघडायचं. कंट्रोल आणि ‘आर’नं उत्तर, कंट्रोल आणि ‘एन’नं नवं पत्र. २०२३च्या आवृत्तीत यादीचं रूप बदललं. आता कार्डांची मांडणी आणि तक्त्याची मांडणी असे दोन पर्याय आहेत. ऐकणाऱ्यानं तक्ता निवडून पाहावा. त्यातले नको ते रकाने काढून टाकावेत आणि पाठवणारा, विषय, तारीख असा क्रम लावावा. कारण रकाने ज्या क्रमानं असतात, त्याच क्रमानं ते कानावर येतात. पाकिटावरचं हस्ताक्षर पाहून आपण पत्र ओळखायचो ना, तसं नाव आधी ऐकू आलं की पुढचं ऐकायचं की नाही ते तिथेच ठरतं.

थंडरबर्डचा आणखी एक फायदा आपल्या भागाला लागू आहे. तो पत्रं आपल्या संगणकावर उतरवून ठेवू शकतो. मंठ्याला किंवा जाफराबादला नेटवर्क गेलं, तरी कालपर्यंतचं टपाल वाचता येतं. उत्तर लिहून ठेवायचं, रेंज आली की पाठवायचं. शिवाय पत्र नुसत्या साध्या अक्षरांत दाखवण्याची सोय त्यात आहे. ती चालू केली की चित्रं, चौकटी, लोगो हा पसारा गळून पडतो.

तिसरी वाट फोनची, आणि आज बहुतेकांच्या हातात तीच आहे. टॉकबॅक चालू करून जीमेलचं ॲप उघडायचं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचं पत्र बोललं जातं, दोनदा टकटक केली की ते उघडतं. गूगलच्या आवाजांत मराठीही आहे. वाचायला आणि दोन ओळींचं उत्तर द्यायला हे पुरेसं आहे. लांब पत्र लिहायचं, त्यात दुरुस्त्या करायच्या, तर मात्र संगणकाचा कळफलक बरा.

वाट कोणतीही असो, पक्की करण्याआधी पाच कामं करून पाहावीत. पहिलं काम, प्रोग्राम उघडल्यापासून सगळ्यात ताज्या पत्रापर्यंत जाणं. हे मिनिटाच्या आत जमायला हवं. काही ठिकाणी ओटीपी ई-मेलवर येतो आणि काही मिनिटांतच निकामी होतो. वाटेतच वेळ गेला तर अर्ज तिथेच राहिला. दुसरं, पत्र उघडल्यावर मजकूर सरळ वाचला जातो का, आणि बाणाच्या कळांनी ओळ न् ओळ, शब्द न् शब्द पुन्हा ऐकता येतो का. तिसरं, उत्तर देताना ते एकालाच जातंय की सगळ्यांना, हे स्पष्ट कळतं का. चौथं, पत्राला फाइल जोडलेली आहे हे सांगितलं जातं का, आणि तिचं नाव ऐकून ती साठवता येते का. पाचवं, पत्र काढून टाकल्यावर आपण यादीत नेमके कुठे आहोत ते समजतं का. पाचही कामं कुणाच्या मदतीशिवाय झाली, तर तो प्रोग्राम तुमचा. एखादं अडलं तर आधी सेटिंग तपासावं. एका विषयाची सगळी पत्रं एकत्र बांधून दाखवण्याची सोय ऐकणाऱ्याला पुष्कळदा गोंधळात टाकते. जीमेलमध्ये आणि थंडरबर्डमध्ये ती बंद करता येते.

आता थोडं पत्र पाठवणाऱ्यांविषयी. प्रोग्राम कितीही चांगला असला, तरी पत्रच ऐकण्यासारखं नसेल तर तो काय करणार? मराठीत ही अडचण विशेष आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचं श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट अशा साधनांवर मराठी टंकलेखन केलं, आणि त्यांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली. पण त्या वेळच्या बऱ्याच फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजी किंवा भलत्याच खुणांची असत, फक्त आकार मराठी दिसे. डोळ्याला ‘नमस्कार’ दिसायचं, स्क्रीन रीडरला मात्र अर्थहीन अक्षरांची रांग मिळायची. अजूनही काही ठिकाणांहून असा मजकूर येतो. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी स्क्रीन रीडरला मराठी म्हणूनच कळते. म्हणून पत्र युनिकोडमध्येच लिहावं.

दुसरी सवय चित्राची. लग्नपत्रिका, कविसंमेलनाचं निमंत्रण, शाळेची सूचना, सगळं आपण फोटो करून पाठवतो आणि पत्राचा मजकूर कोरा ठेवतो. ऐकणाऱ्याला त्या पत्रात तारीख, वेळ, ठिकाण काहीच हाती लागत नाही. चित्र जरूर पाठवा, पण खाली चार ओळी लिहा. विषयाची जागाही रिकामी सोडू नका. ‘महत्त्वाचे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘रविवारच्या बैठकीची वेळ बदलली’ असं लिहिलं, तर पत्र उघडण्याआधीच अर्धं काम होतं. आमच्या घरांत एका पत्राची सुरुवात सलामानं होते, दुसऱ्याची नमस्कारानं. दोन्ही कानाला गोडच लागतात, फक्त ती अक्षरांत लिहिलेली हवीत.

हे सगळं उपकार म्हणून मागायचं नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती आणि दळणवळणाची साधनं त्यांना वापरता येतील अशी असावीत, हे सांगितलेलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. महाराष्ट्रात या कामाला परंपराही आहे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२मध्ये मुंबईत उभी राहिली. मुंबईच्याच सेंट झेवियर्स कॉलेजात २००३पासून दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र चालतं. जालन्याहून मुंबई लांब असली, तरी एनव्हीडीए आणि थंडरबर्ड दोन्ही घरबसल्या फुकट उतरवून घेता येतात. लागतो तो शिकवणारा एक धीराचा माणूस.

तो माणूस तुमच्या घरात कदाचित तुम्हीच असाल. मोतीबिंदूनं किंवा मधुमेहानं नजर मंदावलेले वडील, दृष्टिहीन बहीण, शेजारची स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलगी, यांच्यासाठी एक रविवार द्या. प्रोग्राम बसवा, मराठी आवाज लावा, रकाने नीट करा, पाच कामं त्यांच्याच हातानं करवून घ्या. पासवर्ड त्यांचा त्यांना ठरवू द्या. आणि त्या पहिलं पत्र उघडतील, तेव्हा तुम्ही खोलीतून बाहेर या.