विश्लेषण : खरेदीखत कपाटात, तरी घर दुसऱ्याच्या नावावर? मालमत्तेची परस्पर विक्री कशी होते, कशी रोखाल?

समजा, नागपुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने वीस वर्षांपूर्वी पुण्याजवळ बिगरशेती प्लॉट घेतला. मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये आहे. एके दिवशी शेजारच्या प्लॉटवाल्यांचा फोन येतो, ‘‘मॅडम, प्लॉट विकलात का? इथे कंपाउंडचे काम सुरू झालेय.’’ सातबारा काढून पाहावा तर त्यावर अनोळखी नाव. त्यांच्या नावाने दुसरीच बाई दुय्यम निबंधक कार्यालयात उभी राहिली, तिने फोटो काढून घेतला, अंगठा दिला आणि प्लॉट विकून ती निघूनही गेली.

उदाहरण काल्पनिक असले, तरी परस्पर विक्रीच्या तक्रारींचा साचा साधारण असाच असतो. मूळ मालकाला सगळ्यात शेवटी कळते. तोवर पैसे वाटले गेलेले असतात, कधी कधी त्याच मालमत्तेवर कर्जही उचललेले असते. हे होते कसे आणि वेळीच लक्षात कसे येईल?

दुय्यम निबंधक मालकी तपासत नाहीत का?

नाही. अनेकांचा गैरसमज नेमका इथेच असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्ताची नोंदणी होते, मालकीची नव्हे. दस्त करून देणारी व्यक्ती हजर आहे का, तिची ओळख पटवली का, मुद्रांक शुल्क भरले का, हे कार्यालय पाहते. विकणाऱ्याला ती मालमत्ता विकण्याचा हक्क आहे की नाही, याचा निवाडा तिथे होत नाही. तामिळनाडूच्या नोंदणी नियमांतील एक तरतूद रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच स्पष्ट केले : विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही.

भारतात सरकार मालकीची हमी देत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी नोंदवहीतील नाव हाच मालकीचा आधार असतो आणि नोंदीतील चुकीने नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे खरेदीखत, सातबारा, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती हे सगळे पुरावे आहेत. त्यातला एकही अंतिम नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार महसुली नोंद खरी मानली जाते, पण ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’. ती चुकीची असेल तर सिद्ध करण्याचे ओझे मूळ मालकावर येते.

फसवणुकीच्या नेहमीच्या पद्धती कोणत्या?

तोतया मालक : बनावट आधार आणि पॅन कार्डांवर दुसऱ्याच माणसाला मालक म्हणून उभे केले जाते. ओळख पटवणारे साक्षीदारही टोळीतलेच असतात.

बनावट कुलमुखत्यारपत्र : मालक परदेशात किंवा आजारी असल्याचे सांगून ‘अधिकारपत्रा’च्या आधारे विक्री केली जाते. मूळ मालक हयात नसतानाही असे पत्र वापरले जाते. वास्तविक, कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली की ते साधारणपणे संपुष्टात येते. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात दिला आहे.

जुन्या कागदांत फेरफार : गोव्यातील जमीन बळकाव प्रकरणे हे याचे ठळक उदाहरण. पोर्तुगीजकालीन दस्तऐवज बनावट तयार करून किंवा अभिलेखांत घुसवून जमिनी लाटल्याच्या आरोपांनंतर तिथल्या सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. मालक परदेशी स्थायिक झालेले किंवा हयात नसलेले, अशा जमिनींवर प्रामुख्याने डोळा ठेवला गेल्याचे त्यातून पुढे आले.

सर्वाधिक धोका कुणाला?

जिथे पाहणारे कुणी नाही, तिथे. म्हणजे कुंपण नसलेले प्लॉट, वर्षानुवर्षे कुलूपबंद फ्लॅट, परदेशातल्या मुलांच्या नावावरची घरे आणि आजोबांच्या नावावरच राहिलेल्या जमिनी. शेवटचा प्रकार महाराष्ट्रात घरोघरी आढळतो. माणूस गेल्यावर वारस नोंद करायची राहून जाते, भावंडे पांगतात आणि कागदावर मालक म्हणून उरते ते दिवंगत व्यक्तीचे नाव. त्या नावाने तोतया उभा राहिला, तर तक्रार करायला पुढे येणार कोण? जमिनीत हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत कळवावे, असे संहितेचे कलम १४९ सांगते.

घरबसल्या काय तपासता येते?

सूची क्रमांक २ : नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही सुविधा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे, सिटीएस किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्यावर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. फ्लॅट असेल तर इमारतीच्या सिटीएस क्रमांकावर सगळ्यांचेच व्यवहार दिसतात. त्यातून आपला फ्लॅट क्रमांक शोधावा लागतो. मात्र खूप जुने दस्त ऑनलाइन मिळतीलच असे नाही. दूरच्या गावात बनवलेले कुलमुखत्यारपत्रही या शोधात दिसेलच असे नाही.

सातबारा आणि मिळकत पत्रिका : ‘महाभूमी’ संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. शहरातील जागेसाठी मिळकत पत्रिका पाहावी. नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ हा रकाना, तिन्ही नीट वाचावेत. आपण न काढलेल्या कर्जाचा बोजा त्या रकान्यात दिसला, तर ती धोक्याची घंटा समजावी.

आपली चावडी : गावात कोणता फेरफार प्रलंबित आहे, त्याची नोटीस इथे पाहता येते. नाव बदलण्याआधी सावध करणारी ही जागा आहे.

कर्जाची नोंद : फ्लॅट गहाण पडला आहे का, हे ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत ठरावीक शुल्क भरून तपासता येते.

ही तपासणी दर तीन-चार महिन्यांनी केली तरी पुरे. फोनवर स्मरणसूचना लावून ठेवली की विसर पडणार नाही.

फ्लॅटमालकांनी सोसायटीच्या कार्यालयात आपला सध्याचा पत्ता, फोन आणि ई-मेल देऊन ठेवावा. ‘मला फोन केल्याशिवाय हस्तांतरणाला किंवा बँकेला ना हरकत पत्र देऊ नये’, असे लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. प्लॉटवर नाव आणि फोन नंबरचा फलक लावावा. त्यासाठी खर्च थोडा येतो. पण जागा पाहायला आलेला प्रामाणिक खरेदीदार थेट खऱ्या मालकालाच फोन लावतो. वापरात नसताना आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवणेही सोयीचे.

फेरफाराची नोटीस आली तर?

नोटिशीवर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. दस्त नोंदला गेला की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतात आणि संबंधितांना नोटीस देतात. हरकत आली की नोंद ‘वादग्रस्त’ ठरते, सुनावणी होते आणि तोवर नाव बदलत नाही. अडचण एवढीच, की नोटीस दप्तरातल्या पत्त्यावर जाते. वीस वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या घराचा पत्ता तिथे असेल, तर नोटीस तिकडेच जाणार. त्यामुळे पत्ता आजच बदलून घ्यावा.

विक्री झालीच असेल तर?

घाबरून लगेच दलालांशी ‘तडजोड’ करू नये. तोतयाने केलेल्या विक्रीने मूळ मालकाचा हक्क संपत नाही. ज्याच्याकडे मालकीच नाही, तो ती दुसऱ्याला देणार कुठून? मात्र कायद्याचे घड्याळ सुरू झालेले असते.

पहिले काम, त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढणे. त्यावर तोतयाचा फोटो, अंगठ्याचा ठसा आणि ओळख पटवणाऱ्यांची नावे असतात. तपासाचा सगळ्यात मोठा धागा हाच.

दुसरे, पोलीस तक्रार. बनावट दस्त, तोतयेगिरी आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलमे आहेत. नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ नुसार खोटी ओळख देऊन दस्त नोंदवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीची प्रत दुय्यम निबंधक, तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालय, सोसायटी आणि कर्ज दिलेल्या बँकेलाही द्यावी.

तिसरे, दिवाणी दावा. नोंदलेला दस्त दुय्यम निबंधक स्वतःहून रद्द करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे. त्यासाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१ खाली न्यायालयात जावे लागते. सोबत मनाई हुकूम मागावा, म्हणजे मालमत्ता तिसऱ्याच्या हाती जाणार नाही. दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवणेही महाराष्ट्रात महत्त्वाचे ठरते.

कोणत्या मुदती लक्षात ठेवाव्यात?

१५ दिवस : फेरफार नोटिशीवर हरकत.

६० दिवस : फेरफार मंजुरीच्या आदेशाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील.

६ महिने : बेकायदा ताबा काढून घेतला असल्यास तो परत मिळवण्याचा संक्षिप्त दावा.

३ वर्षे : दस्त रद्द करण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून.

१२ वर्षे : प्रतिकूल ताबा सांगणाऱ्याकडून जागा परत मागण्याची मुदत. ही उलटली की खऱ्या मालकाचाही हक्क बुडू शकतो.

यातील पहिल्या पंधरा दिवसांत प्रकरण तलाठी कार्यालयातल्या एका अर्जावर थांबू शकते. तेच पुढे गेले की वकील, तारखा आणि अनेक वर्षे खर्ची पडतात. लॉकरमधले खरेदीखत जपून ठेवायलाच हवे. पण सरकारी दप्तरात आज कुणाचे नाव आहे, हे पाहण्यासाठी अधूनमधून फोनवरची ती दहा मिनिटे काढायला हवीत.