मिठाची पुडी बदलली आणि...

सासूबाईंना बीपी आणि मधुमेह, दोन्ही जुने. मीठ कमी करा, असं डॉक्टर सांगायचे. पण अळणी आमटी काही त्यांच्या घशाखाली उतरेना. म्हणून मीच हौसेने ‘कमी सोडियम’वालं मीठ आणलं. जोडीला रोज सकाळी शहाळं. वाटलं, केवढी काळजी घेतेय मी!

पंधरा-वीस दिवसांत त्या अगदी गळाल्या. पाय उचलवेनात. ‘‘छातीत कसंतरीच होतंय गं,’’ म्हणायच्या. थकवा असेल म्हणून मी दोन दिवस घालवले. शेवटी दवाखान्यात नेलं, तर नाडी मिनिटाला ४२! ईसीजी बिघडलेला. रक्तात पोटॅशियम ६.८. ते साधारण ३.५ ते ५ हवं. लगेच अ‍ॅडमिट करून शिरेतून कॅल्शियम, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं, तेव्हा धोका टळला.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. हृदयाचा ठोका पडतो तो सूक्ष्म विजेवर आणि ही वीज सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या क्षारांच्या ये-जा करण्यातून तयार होते. कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. धडधाकट मूत्रपिंड जादाचं लघवीवाटे बाहेर टाकतं. पण सासूबाईंची मूत्रपिंडं मधुमेहाने दुबळी झालेली. त्यात बीपीची गोळी ‘सार्टन’ गटातली. या गोळ्या आणि ‘प्रिल’ गटातल्या गोळ्याही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात.

उलटही घडतं बरं का. जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असली, की पोटॅशियम घटतं आणि ठोके चुकू लागतात.

हे मीठ वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५मध्ये मोठ्या माणसांसाठी त्याची शिफारसच केली आहे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणारे, गरोदर बायका आणि मुलं यांना त्यातून वगळलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणाला बीपी, मधुमेह असेल तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

आता आमच्याकडे साधंच मीठ आहे, पण मोजून. आमटीला लसणाची फोडणी देते, वरून लिंबू पिळते. सासूबाई कुरकुरतात, पण वाटी रिकामी करतात.