अंगणातला किल्ला

बर्फाच्या मुलखात लोक घरापुढच्या अंगणात बर्फाच्या मूर्ती करतात. रस्त्याने जाणाऱ्याने घटकाभर थांबून पाहावे, एवढीच अपेक्षा. जपानमधल्या साप्पोरो शहरात १९५० साली शाळकरी मुलांनी बागेत असे सहा पुतळे केले आणि त्यातून तिथला मोठा हिमोत्सव सुरू झाला. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाने मऊ केलेली माती आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपली मुले तिचा किल्ला करतात.

किल्ला करण्याचेही एक शास्त्र आहे. आधी भिंतीच्या आधाराने दगड आणि विटांचे तुकडे रचायचे. पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर अंथरायचे, म्हणजे चिरांच्या जागी आपोआप कडे आणि घळी तयार होतात. वर चाळलेली माती लिंपायची. मग भिजवलेले अळीव पेरायचे. अळीव भिजले की बुळबुळीत होतात आणि उतारावरही चिकटून राहतात. रोज हलके पाणी शिंपडले, तर चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो.

लहानपणी शेजारच्या अंगणात किल्ला होई. दिवाळी त्यांच्या घरची, पण चिखल कालवायला आम्ही मोहल्ल्यातली मुले असायचोच. अळीव माझ्या आईच्या डब्यातले. एका वर्षी आम्ही परातीत पाणी भरून जलदुर्ग केला. बाजूने जाणारे आमचे मास्तर थांबले आणि १६७९ सालची खांदेरीची लढाई सांगू लागले. शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे मी प्रथम त्या परातीकाठी ऐकली.

जाणारा-येणारा असा काहीतरी देऊन जातो. कोणी विचारतो, ‘‘गडावर पाणी कुठे आहे रे?’’ मग मुले टाके खोदतात. कोणी सांगतो, दरवाजा असा समोर नको. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मुले दरवाजा हलवतात. पुढे कधी कर्नाळ्यावर गेल्यावर सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी दिसतात, तेव्हा ती ओळखीची वाटतात.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्याच ऑक्टोबरात पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली होती. विमानतळ हवा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण खरा डोंगर कसा नाहीसा होतो, हे पाहणाऱ्या मुलांनी एक डोंगर स्वतः रचून पाहिलेला असावा, असे मला वाटते. इमारतींच्या आवारात आता फरशी आली, माती विकत आणावी लागते. बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळतात. ते पुढच्या वर्षीही चालतात, हीच त्यांची उणीव.

मातीचा किल्ला टिकत नाही. अळीव पिवळे पडते, कडे ढासळतात, मावळे खोक्यात जातात. त्यामुळे पुढच्या वर्षी तो पुन्हा करावा लागतो, आणि करणारी मुले एका वर्षाने मोठी झालेली असतात.

तेव्हा यंदा दिवाळीत कुणाच्या दारात किल्ला दिसला, तर नुसते ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा, ‘‘बाळांनो, गडावर पाणी कुठे आहे?’’