गुडघा आणि घाट

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पहाटे सरावाला येणारी हौशी धावपटूंची मंडळी विसाव्याला थांबली, की वेळेच्या हिशेबाआधी गुडघ्याची कैफियत मांडू लागते, आणि धावण्याने सांधे झिजतात हा समज तेथेही अनेकांच्या मनात ठाण मांडून असतो. वस्तुतः सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकताना ती दाबली जाते, उचलताना फुलते, आणि या दाब-विसाव्याच्या क्रियेतूनच सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, म्हणून बेताचे धावणे निरोगी गुडघ्याचे वैरी नव्हे. खरी जोखीम उताराची. सुमारे २१ किलोमीटरांच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये चढ संपवून परतताना मांडीचे स्नायू स्वतः ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरीत असतात, आणि ते थकले की गुडघ्याच्या वाटीभोवती कळ उठते. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायुबंध मात्र बळकट व्हायला महिने घेतात. शर्यतीची तारीख जवळ आली म्हणून अंतर एकदम वाढविणाऱ्यांना बहुधा येथेच दुखापत होते. सांध्यावर सूज आली, किंवा विश्रांतीनंतरही दुखणे राहिले, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.