सीआयडी : वीस वर्षांची मालिका चालते कशी, थांबते कशी?



टार्निटमधल्या आपल्या मराठी घरांत एक विषय असा आहे की त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना काहीतरी म्हणायचे असते. तो विषय म्हणजे सीआयडी ही मालिका. हवेत बोटे फिरवत 'काहीतरी गडबड आहे' असे सांगणारे एसीपी प्रद्युम्न, एका धक्क्यात दार मोडणारा दया, तल्लख अभिजीत, प्रयोगशाळेत सदा कुरकुरणारे डॉ. साळुंखे आणि सगळ्यांना हसवणारा फ्रेडरिक्स. मोठ्यांनी ही मंडळी भारतात असताना टीव्हीवर पाहिली, मुलांनी यूट्यूबवरच्या तुकड्यांत पाहिली. पण वाद दोघांचाही एकच : अमुक नटाला का काढले? तमुक परत का आला नाही? आणि मालिका चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवते तरी कोण?

या प्रश्नांची उत्तरे बरीचशी सरळ आहेत. ती नीट समजून घेतली, की वाद घालायला अधिक मजा येते.

मूळ मराठीत

सीआयडी हिंदी मालिका आहे, पण तिचे बी मराठीत पेरले गेले. मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे आधी मुंबई दूरदर्शनवर कॅमेऱ्याचे काम करत. त्यांनी दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' नावाची मराठी पोलीस मालिका केली. शंभर हा तेव्हाचा पोलिसांना बोलावण्याचा क्रमांक. (आपल्याकडे ऑस्ट्रेलियात तीन शून्ये फिरवतात, तसाच.) त्या मालिकेत पोलीस अधिकारी होते शिवाजी साटम. बँकेत रोखपालाची नोकरी सांभाळून नाटकांत काम करणारा हा नट त्यानंतर पोलिसाच्या भूमिकेत असा काही रुजला, की सिंग यांनी हिंदी मालिका काढली तेव्हा मुख्य अधिकारी म्हणून पुन्हा साटमच आले. तुमच्या आजी-आजोबांना 'एक शून्य शून्य' आठवते का, ते जरूर विचारा.

सीआयडीचा पहिला भाग जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर दिसला आणि पहिले पर्व ऑक्टोबर २०१८ मध्ये संपले. भाग झाले १५४७. एक भाग सरासरी ४० मिनिटांचा धरला आणि जेवणखाण, झोप सोडून सलग पाहत बसलो, तर साधारण ४३ दिवस लागतील!

माणसे आली, माणसे गेली

एवढ्या काळात पथक बदलणारच. 'लगान'चे दिग्दर्शक म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते आशुतोष गोवारीकर सुरुवातीच्या काळात सीआयडीत इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. अश्विनी काळसेकर इन्स्पेक्टर आशा होत्या. डॉ. साळुंखे म्हणजे नरेंद्र गुप्ता. पण मध्यंतरी काही वर्षे मोना आंबेगावकर यांनीही प्रयोगशाळा सांभाळली. दयानंद शेट्टी मूळचे थाळीफेकीचे खेळाडू. दारे मोडण्याची ताकद तिथली असावी! आदित्य श्रीवास्तव तर आधी एका भागात गुन्हेगार म्हणून आले होते आणि नंतर अभिजीत होऊन पथकातच सामील झाले.

यात एक रचना दिसते. पथकातले तरुण अधिकारी येत-जात राहिले. कोणी एक वर्ष राहिले, कोणी पाच. पण प्रद्युम्न, दया आणि अभिजीत हे तिघे हलले नाहीत. घराचे खांब तेच ठेवायचे आणि खिडक्या-दारे बदलत राहायची, असा हा प्रकार. मी संगणकाच्या क्षेत्रातला माणूस. चालू असलेली मोठी प्रणाली बंद न करता तिचे सुटे भाग बदलणे हे आमचे रोजचे काम. तिथेही पहिला नियम हाच : सगळे बदला, पण ज्या भागावर बाकीचे सगळे टेकलेले आहे त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

असे जमलेले पथक काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण ७ नोव्हेंबर २००४ चा भाग आहे. हा १११ मिनिटांचा भाग एकाच सलग दृश्यात, मध्ये एकदाही कॅमेरा न थांबवता चित्रित केला गेला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. सिनेमाच्या फिल्मचे १००० फुटांचे रीळ साधारण ११ मिनिटांत संपते. म्हणजे जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर हे शक्यच नव्हते. व्हिडिओमुळे ते शक्य झाले. पण यंत्रापेक्षा माणसांची परीक्षा मोठी. शंभराव्या मिनिटाला एकाने वाक्य विसरले, तर सगळ्यांना पहिल्या मिनिटापासून पुन्हा सुरुवात! एकमेकांची सवय झालेल्या मंडळींनाच असले धाडस परवडते.

चालू की बंद, ठरवते कोण?

अमेरिकेत मालिकेचे एकेक पर्व मंजूर होते. पर्व संपत आले की वाहिनी सांगते, पुढचे हवे की नको. भारतातल्या मालिका बहुधा अशा पर्वांत बांधलेल्या नसतात. लोक पाहतात तोवर त्या चालतात आणि कमी पाहू लागले की थांबतात. म्हणूनच सीआयडीचे 'पहिले पर्व' वीस वर्षांचे झाले.

लोक किती पाहतात हे मोजण्यासाठी देशभरातल्या निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडलेले असतात. त्यांवरून दर आठवड्याला आकडे निघतात. त्यालाच आपण टीआरपी म्हणतो. आकड्यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि दरावर मालिकेचे भवितव्य. आता यातली मेख बघा. हे मीटर भारतातल्या घरांत आहेत. टार्निटमध्ये आपण दहा घरे मिळून रविवारी सीआयडी पाहिली, किंवा मुलांनी यूट्यूबवर शंभर तुकडे पाहिले, तरी टीआरपीत त्याची मोजदाद शून्य. २०१८ मध्ये मालिका थांबली तेव्हा ती वाचवण्यासाठी चाहत्यांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली, पण मोहिमेलाही मीटर नसतो. वाहिनीने मालिका संपली असे न म्हणता विराम घेत असल्याचे सांगितले. तो विराम सहा वर्षांचा झाला.

या सहा वर्षांत एक उलटी गोष्ट घडली. जुने भाग इंटरनेटवर मिळत राहिले आणि पहिल्या भागाच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले सीआयडीची चाहती झाली. दार मोडण्यावरचे विनोद जगभर फिरले. टीआरपीच्या आकड्यात न दिसलेला प्रेक्षक आता दुसऱ्या आकड्यांत दिसू लागला. २१ डिसेंबर २०२४ रोजी दुसरे पर्व सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२५ पासून ते नेटफ्लिक्सवरही आले, त्यामागे हे कारण असणार यात मला तरी शंका वाटत नाही. म्हणजे आपल्यासारख्या दूरच्या प्रेक्षकांचे मत उशिरा का होईना, मोजले गेले.

परतलेल्या पथकात एक जागा मात्र रिकामी होती. फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी गेले. मालिकेचे दुसरे निर्माते प्रदीप उप्पूर हेही त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते.

आपल्या शेजारचे उदाहरण

हा प्रश्न एकट्या सीआयडीचा नाही. आपल्या मेलबर्नमध्ये तयार झालेली 'होमिसाइड' ही पोलीस मालिका १९६४ ते १९७७ चालली, भाग ५१०. पुढे १९९४ ते २००६ 'ब्लू हीलर्स' चालली. तिचेही बरोबर ५१० भाग! ती माउंट थॉमस नावाच्या काल्पनिक गावातल्या पोलीस ठाण्याची गोष्ट होती आणि तिची काही दृश्ये आपल्या शेजारच्या वेरीबीत चित्रित झाली.

ब्लू हीलर्समध्ये जॉन वुड यांचा टॉम क्रॉयडन पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. तोच खांब. सर्वांत लाडकी होती लिसा मॅक्यून यांची मॅगी डॉइल. मॅक्यून यांनी मालिका सोडायचे ठरवले आणि २००० साली कथेत मॅगीचा मृत्यू झाला. प्रेक्षक हळहळले, पण मालिका सोडून गेले नाहीत. ती आणखी सहा वर्षे चालली. पुढे प्रेक्षक कमी होऊ लागल्यावर २००४ मध्ये पोलीस ठाण्यात बाँबस्फोट दाखवला, काही पात्रे संपवली, नवी आणली, मांडणीच बदलली. दोन वर्षांत मालिका बंद झाली.

अमेरिकेतली 'लॉ अँड ऑर्डर' याच्या अगदी उलट. १९९० ते २०१० या वीस वर्षांत तिचे सगळे मुख्य कलाकार बदलले. पहिल्या वर्षातला एकही शेवटच्या वर्षी नव्हता. तीही बंद झाली आणि २०२२ मध्ये परत आली. पण तिथे नायक माणूस नव्हताच. अर्ध्या भागात पोलीस, अर्ध्या भागात न्यायालय, हा साचाच नायक होता. ज्या मालिकेचा साचा नायक आहे तिथे माणसे बदलता येतात. ज्या मालिकेची माणसेच नायक आहेत तिथे ते महागात पडते.

प्रद्युम्न यांचे मरण

आता मुख्य वादाकडे येऊ. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या पर्वात एसीपी प्रद्युम्न बाँबस्फोटात मारले गेले. वाहिनीने त्यांना श्रद्धांजलीही वाहिली. पार्थ समथान यांचे एसीपी आयुष्मान त्या जागी आले. चाहते इतके संतापले की विचारू नका. आणि मग त्याच वर्षी साटम मालिकेत परतले.

काही जण म्हणतात, परत आले ना, मग राग कशाचा? माझे मत असे आहे. नट जाणे प्रेक्षकाला समजते. साटम यांचा जन्म १९५० चा. त्यांनी कधीतरी थांबायचे ठरवले, तर त्यांना मानाने निरोप देणारा भाग आपण सगळे डोळे पुसत पाहू. मॅगी डॉइलचे झाले तसे. फडणीस खरोखरच गेले, तेव्हा कोणी वाहिनीवर रागावले नाही. घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. पण खरे मरण होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच त्याच घरातले खोटे मरण दाखवायचे, श्रद्धांजली वाहायची आणि मग माणूस परत आणायचा, हे प्रेक्षकाच्या दुःखाशी खेळणे झाले. एकदा असे केले की पुढच्या वेळी कोणी खरेच गेले, तरी लोक म्हणणार, 'येईल परत!' रहस्यमालिकेला हा तोटा सर्वांत मोठा. पडद्यावर बंदूक रोखलेली असताना आता काय होणार, ही भीतीच उरली नाही, तर उरले काय?

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण म्हणतो, 'याला काढा, त्याला ठेवा.' पण पडद्यामागे ते कोणाचे पोट असते. वीस वर्षे एकच भूमिका करण्याची किंमतही मोठी. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तचे वडील आणि 'उत्तरायण'मध्ये उतारवयातला प्रेमळ माणूस इतक्या सुंदर उभा करणाऱ्या साटम यांनी, पहिले पर्व संपल्यानंतर चांगल्या भूमिका येत नाहीत, येतात त्या पोलिसाच्याच, असे मुलाखतीत सांगितले होते. जी ओळख आपण प्रेमाने देतो, तिच्यातून बाहेर पडण्याचे दार दयालाही मोडता येत नाही. म्हणून मुलांनो, सीआयडी आवडत असेल तर आई-बाबांना सांगून 'उत्तरायण' एकदा पाहा. प्रद्युम्न नसलेले साटम तुम्हाला भेटतील.

पुढच्या शनिवारसाठी

मोठ्या गटातल्या मुलांसाठी वर्गात वादसभा घ्यावी असे सुचवतो. विषय : 'प्रद्युम्नशिवाय सीआयडी चालेल.' प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे, निदान दोन कारणे द्यायची आणि ती मराठीतच. तयारीसाठी आजी-आजोबांना फोन करून त्यांचे मत विचारले तर चालेल. उलट तेच उत्तम. 'काय करतोस, जेवलास का' यापलीकडे फोनवर बोलायला विषय सापडत नाही, अशी तक्रार दोन्हीकडून ऐकू येते. हा विषय अर्धा तास सहज पुरेल.

वादसभेत उपयोगी पडतील असे काही शब्द :

संशयित – ज्याने गुन्हा केला असावा असा संशय आहे तो.
पुरावा – गुन्हा कोणी केला हे सिद्ध करणारी वस्तू किंवा माहिती.
साक्षीदार – घडलेली गोष्ट स्वतः पाहिलेला माणूस.
शवविच्छेदन – मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केलेली मृतदेहाची तपासणी. (डॉ. साळुंख्यांचे काम.)
तपास – गुन्ह्याचा छडा लावण्यासाठी केलेला शोध.
पर्व – मालिकेचा एक मोठा टप्पा.
निरोप – जाणाऱ्याला प्रेमाने पाठवणे. आणि कोणाजवळ दिलेला सांगावाही.