बायबलमधील भाकिते पुढची, की होऊन गेलेली?

‘शेवटचा काळ आला’ असे सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात. पण ख्रिस्ती विचारातलाच एक प्रवाह म्हणतो, यातले बरेच इ. स. ७० मध्येच घडून गेले. तो कशाच्या आधारावर?

छत्रपती संभाजीनगर : पश्चिम आशियात युद्ध पेटले की मोबाइलवर ठरावीक व्हिडिओ येऊ लागतात. येरुशलेमचा नकाशा, स्फोटांची दृश्ये आणि खाली ओळ, ‘बायबलची भाकिते खरी होत आहेत’. कुणी घाबरते, कुणी हसून पुढे जाते. मुळात ही भाकिते आजच्या काळाबद्दल आहेत का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा विचार नेमका काय?

इंग्रजीत त्याला ‘प्रीटेरिझम’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मागे पडलेले’. बायबलमधील संकटांची, विनाशाची भाकिते प्रामुख्याने त्या काळच्या श्रोत्यांसाठी होती आणि प्राचीन इतिहासातच ती पूर्ण झाली, असे ही बाजू मानते. लुईस दे अल्काझार या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूने प्रकटीकरण या पुस्तकाचे असे पद्धतशीर विवेचन केले. ते १६१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भाकीत पूर्ण झाले, ही कल्पना ख्रिस्ती वाचकांना नवी नाही. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’चा सांधाही तोच आहे. पहिल्या पुराणात तारणाऱ्याची वाट पाहणे, दुसऱ्यात त्याचे चरित्र. येशूच्या जन्माबाबत सर्व ख्रिस्ती पंथ एकमताने ‘पूर्ण झाले’ म्हणतात. वाद आहे तो येशूने पुढच्या काळाबद्दल जे सांगितले त्याचा.

वादाची गाठ ‘पिढी’ या शब्दात

मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायात येशू येरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस सांगतो आणि हे सारे सध्याची पिढी संपण्याआधी घडेल, असे म्हणतो. मराठी बायबलमध्येही तिथे ‘पिढी’ हाच शब्द आहे. हे बोलणे साधारण इ. स. ३० चे. इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला. इ. स. ७० मध्ये सेनापती टायटसने शहराला वेढा घातला आणि मंदिर जळून गेले. मध्ये गेली सुमारे ४० वर्षे.

वेढ्यातील उपासमार आणि कत्तल जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो स्वतः तेव्हा रोमन छावणीत होता. मंदिरातील सात शाखांची दीपमाळ लुटून नेणारे सैनिक रोममधील टायटसच्या कमानीवर आजही दिसतात.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, १२६० साली देवगिरीत एखाद्या साधूने सांगितले असते की ‘तुमच्यातले काही जण हयात असतानाच हे वैभव लुटले जाईल’. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला आणि रामदेवराय यादवांना शरण जावे लागले. आज कुणी ते वाक्य दौलताबादच्या पायथ्याशी उभे राहून येत्या वर्षाला लावले, तर आपण म्हणू, ‘अहो, ते तेव्हाच होऊन गेले.’ या बाजूचा युक्तिवाद असाच आहे.

६६६ म्हणजे कोण?

प्रकटीकरणातील श्वापदाचा आकडा ६६६. त्यावरून आजवर अनेक पुढाऱ्यांना आणि अगदी बारकोडलाही दोषी ठरवण्यात आले. हिब्रू भाषेत अक्षरांनाच संख्यामूल्य असते. ‘नेरोन केसर’ म्हणजे सम्राट नीरो, हे नाव हिब्रूत लिहिले तर नेरोनचे ३०६ आणि केसरचे ३६० होतात. बेरीज ६६६. शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिले तर ५० कमी होऊन ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा आहे. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता.

आक्षेप कोणते?

- काळ : बहुतेक अभ्यासक प्रकटीकरणाचे लेखन इ. स. ९५ च्या सुमाराचे मानतात. तसे असेल तर त्यातली भाकिते इ. स. ७० ला लावता येत नाहीत. म्हणून ही बाजू लेखनकाळ अलीकडे नव्हे, तर आणखी मागे नेते.
- पुनरागमन : ख्रिस्त परत येईल आणि न्याय करील, हे चर्चच्या मतांगीकारातच आहे. त्यामुळे ‘सगळेच होऊन गेले’ हे टोकाचे मत मुख्य प्रवाहातील चर्च स्वीकारत नाहीत. ‘मंदिराचा नाश झाला, पुनरागमन बाकी आहे’ या मधल्या मताला मात्र बरेच अनुयायी आहेत.
- द्वेषाचा धोका : इ. स. ७० चा विनाश म्हणजे ज्यूंना मिळालेली शिक्षा, असे सांगून युरोपात शतकानुशतके ज्यूद्वेष पोसला गेला. भाकीत पूर्ण झाले म्हणताना ती वाट धरली जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते.

महाराष्ट्राशी नाते

दानीएलच्या पुस्तकातील मंदिराच्या विटंबनेचा प्रसंग अनेक अभ्यासक इ. स. पू. १६७ मधील राजा अँटिओकस चौथा याच्या छळाशी जोडतात. कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हे लोक अँटिओकसच्या काळात निघाले असावेत, असे या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे मत होते. मंदिर पाडल्यानंतर ते आले, असे सांगणारेही आहेत. कोणत्याही तारखेला पक्का पुरावा नाही.

इथे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडले ‘शनिवार तेली’. मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून ज्यू पाळतात ती आव महिन्याची नवमी त्यांच्याकडे ‘बिरड्याचा सण’ झाली. एकाच्या लेखी जे भाकीत, ते दुसऱ्याच्या घरात वालाच्या बिरड्यासोबत जपलेले दुःख आहे.

वाचकाने काय घ्यावे?

अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी १८४४ मध्ये ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहिली. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. दोन्ही वेळा दुसरा दिवस नेहमीसारखाच उजाडला, पण नोकऱ्या सोडलेल्या आणि पैसा उधळलेल्या अनुयायांचे नुकसान भरून निघाले नाही.

प्रीटेरिझम पटो वा न पटो, त्याची एक सवय घेण्यासारखी आहे. पुढचा व्हिडिओ आला की आधी विचारायचे, हे वाक्य कोणी, कोणाला आणि कधी सांगितले होते? तो अध्याय मराठीत उघडून पूर्ण वाचायचा. पुढे पाठवायचे की नाही, ते त्यानंतर ठरवायचे.