शेवटच्या कुस्तीला जोड कुठे?

बीड जिल्ह्याने देशाला दिलेल्या पैलवानांत आज सर्वांच्या तोंडी असलेले नाव म्हणजे पाटोद्याचा राहुल आवारे. त्याचे स्पर्धेतले वजन ५७ किलो! या गड्याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले आणि पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक आणले. जिल्ह्यात त्याचे कौतुक झाले, मिरवणुका निघाल्या, शासनाने पोलीस खात्यात अधिकारपद दिले. आणि तरीही, पारावर पैलवानांचा विषय निघाला की आमच्याकडची म्हातारी माणसे दोन्ही हात फाकवून आधी छातीचे माप दाखवतात. दारातून आडवे झाल्याशिवाय ज्याला आत येता येत नाही, तो खरा पैलवान! राहुलचा अभिमान वेगळा आणि ही हुरहूर वेगळी. ‘आता तसला माणूस राहिला नाही’ हे वाक्य मी आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत ऐकले आहे.

ही हुरहूर समजायची तर आमच्याकडचा हगामा समजला पाहिजे. चैत्रात साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, कोयते घेऊन गेलेली माणसे गावी परततात आणि यात्रा सुरू होतात. देवाची पालखी, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड. सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. नाक पुसत आलेली पोरे लंगोट सावरत मातीत उतरतात. मग नारळावर, मग शे-दोनशेवर, मग हजारावर. हलगीचा ठेका चढत जातो, सावल्या लांबतात आणि शेवटी गावच्या पंचांनी महिनाभर खटपट करून ठरवलेली शेवटची कुस्ती लागते. ती जड अंगाच्या दोघांचीच असायची. साऱ्या दिवसाची बांधणीच अशी, की खालची प्रत्येक कुस्ती म्हणजे तिथवर नेणारी एकेक पायरी. शेवटची कुस्ती रंगली नाही, तर लोक म्हणत, यंदा यात्रा भरलीच नाही.

एक काळ असा होता, की शेवटच्या कुस्तीला माणसांची वाण नव्हती. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर झाले, १९६४ साली मारुती माने झाले. यांतल्या दोघांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मिळून चार पदके आणली. आंदळकरांना ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मान्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघेही वरच्या वजनाचे. पाठोपाठ दादू चौगुले आले, युवराज पाटील आले आणि आमच्या मराठवाड्यातून, निलंग्याच्या बाजूच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आले. १९६९ साली लातूरला, म्हणजे आपल्याच अंगणात, ते महाराष्ट्र केसरी झाले.

पण या माणसांची नावे घरोघरी गेली ती केवळ त्यांच्या ताकदीमुळे नव्हे. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान यांच्या आखाड्यातून सतपाल नावाचा तरुण दक्षिणेत उतरला आणि महाराष्ट्रातल्या एकेका नामवंताला भिडू लागला. तो थोर पैलवान होता यात शंका नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने १०० किलो गटाचे सुवर्णपदक घेतले. त्या सतपालला युवराज पाटलांनी कोल्हापुरात आणि बिराजदारांनी बेळगावात हरवले. आमच्या गावात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने यायचे, पण बेळगावचा निकाल पेपरच्या आधी कसा पोचला, हे मला आजतागायत कळलेले नाही. सतपाल नसता तर युवराज आणि बिराजदार आमच्यासाठी एवढे मोठे झाले असते का? मला वाटते, नाही. महाभारतात जरासंधापुढे कृष्ण, अर्जुन आणि भीम असे तिघे उभे होते. त्याने भीमाला निवडले. कारण त्याच्या मते तोलाची जोड तेवढी एकच होती. तो मारला गेला, पण त्याची निवड चुकली असे कोणी म्हणत नाही.

आज नेमकी ही जोड लागत नाही. जड वजनाचे पैलवान कमी झाले, असे म्हणायला आधार नाही. उलट तालमी भरलेल्या आहेत आणि शंभर-सव्वाशे किलोची देखणी मुले मातीत उतरताना दिसतात. नरसिंग यादवने २०११ पासून सलग तीनदा आणि विजय चौधरीने २०१४ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा नेली. (नरसिंग जागतिक मैदानावर ७४ किलोत खेळत असे. तो इथे जड अंगाच्यांना सलग तीन वर्षे भारी पडला, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्यापुरता लावावा.) त्यानंतर मात्र राज्याच्या कुस्तीच्या कारभारातच दोन तट पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मामासाहेब मोहोळांच्या नावाने मिळणाऱ्या ज्या गदेपुढे सारे मान तुकवत, त्या मानाचेच दोन तुकडे झाले.

२०२३ सालच्या नोव्हेंबरात काय झाले ते आठवून पाहा. पुण्याजवळ फुलगावला एका संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत पाडले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली आणि ती शिवराज राक्षेने जिंकली. एका महिन्यात एकच माणूस एका ठिकाणी हरलेला आणि दुसऱ्या ठिकाणी महाराष्ट्र केसरी! २०२५ सालीही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. यात या मुलांचा काडीचा दोष नाही. समोर येईल त्याच्याशी ती लढली. पण यात्रेच्या पंचांनी शेवटच्या कुस्तीला ‘यंदाचा महाराष्ट्र केसरी’ म्हणून कोणाला आणायचे?

दुखणे आपल्या एकट्याचे नाही, हे कळले की थोडे बरे वाटते. मुष्टियुद्धातल्या हेवीवेट गटाचेही हेच झाले. महंमद अली १९७१ साली जो फ्रेझरकडून हरला, पुढे त्याच्याशी आणखी दोनदा लढला आणि दोन्ही वेळा जिंकला. १९७४ साली किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला पाडले. तेव्हा हेवीवेटचा जगज्जेता कोण हे रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक असे. मग मुष्टियुद्धाच्या संघटना वाढल्या. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा. चार पट्टे झाले. १९९९ साली लेनॉक्स लुईस निर्विवाद जगज्जेता झाला. त्यानंतर तसा माणूस पाहायला जगाला २०२४ उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवले आणि चारही पट्टे एका कमरेला आले. गंमत म्हणजे हा उसिक खालच्या वजनगटातून वर आलेला, फ्युरीपेक्षा अंगाने चांगलाच हलका.

मधल्या काळात मोठा माणूस नव्हता असेही नाही. व्लादिमीर क्लिच्को २००६ ते २०१५ अशी सलग नऊ वर्षे जगज्जेता होता. त्याचा थोरला भाऊ व्हिताली हाही जगज्जेता. त्या काळात व्लादिमीरच्या तोलाचा दुसरा जर कोणी होता, तर तो त्याच्याच घरात होता. आणि दोघांनी आईला शब्द दिला होता, की आम्ही एकमेकांशी लढणार नाही. आईच्या बाजूने विचार केला तर याहून चांगले काय असणार? पण नऊ वर्षे राज्य करूनही व्लादिमीरचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? नुसते अजिंक्य असून भागत नाही. सतपालशिवाय बिराजदार नाही आणि फ्रेझरशिवाय अली नाही.

आता पोटाचा प्रश्न. जड अंगाचा पैलवान तयार करणे हा मुळात खर्चाचा उद्योग आहे, आणि आमच्या दुष्काळी जिल्ह्यात तर तो जुगारच. मी बँकेत होतो तेव्हा ग्रामीण शाखेत दुभत्या जनावरासाठी कर्ज मागायला एक शेतकरी आला. म्हैस आली, विमा झाला, कानाला बिल्ला लागला. पण दूध संघाकडून येणारी कपात काही येईना. चौकशीला गेलो तर गोठ्यात म्हैस ठणठणीत, कासही भरलेली. विचारले, “दूध कुठं जातं?” शेतकऱ्याने अंगणातल्या पोराकडे बोट केले. पोरगा जोर मारत होता. “साहेब, सकाळचं सगळं त्यो पितो. संध्याकाळचं तूप करतो, ते बी त्योच खातो.” कर्जाच्या कागदावर उद्देश ‘दुग्धव्यवसाय’ असा होता. पैलवानाचा खुराक या सदराखाली कर्ज द्यायची सोय आमच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हती. हप्ते पुढे ऊसतोडीच्या उचलीतून आले. म्हणजे बापाने कोयता चालवला, म्हशीने दूध दिले आणि पोराने ते अंगावर चढवले. एवढे करून चढणार किती? दूध, तूप, बदाम, शिवाय शहरातल्या तालमीचा खर्च. वजनातला एकेक किलो त्या घराच्या कमाईतून कापून निघत होता.

यावरून कोणी असे अनुमान काढील, की बीडचा पैलवान ५७ किलोचा निघाला तो दुष्काळामुळे. ते साफ चूक आहे. राहुलचे वडील स्वतः पैलवान, घरात माती पिढीजात, आणि त्याला घडवले कोणी, तर सतपालला हरवणाऱ्या त्याच बिराजदारांनी, पुण्याच्या तालमीत. त्यांच्यानंतर काका पवारांनी. आपल्या काळातल्या त्या जड पैलवानाने आपली सारी विद्या एका हलक्या शिष्याला दिली, यात मला त्यांची नजर दिसते. बिराजदार २०११ साली गेले. शिष्याचे सुवर्ण त्यांना पाहता आले नाही.

कुस्तीत भारताला ऑलिंपिकची जी पदके मिळाली, ती १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना मिळालेल्या कांस्यपदकापासून २०२४ साली पॅरिसमध्ये अमन सेहरावतला मिळालेल्या कांस्यपदकापर्यंत तपासा. सुशील कुमार, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया; यांत ६६ किलोच्या वर एकही नाही! गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि गुणांची. तिथे चपळाई लागते, दम लागतो. आपला जड पैलवान वर्षभर दंगलीत खेळतो. तिथली माती वेगळी, तिथे झोंबाझोंबी लांबते, आणि मोठी बिदागीही तिथेच मिळते. पुढच्या महिन्यात चार यात्रांचे विडे घेतलेले असताना तोलाच्या माणसाशी भिडून खांदा निखळवून घ्यायला कोण तयार होईल? मग बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या वाढतात, दोघांना सारखे इनाम मिळते आणि लोक धोतर झटकत उठतात.

आणि जिथे जोड खरोखर लागते, तिथे निकालावर विश्वास उरलेला नसतो. २०२५ साली अहिल्यानगरच्या उपांत्य कुस्तीत शिवराज राक्षेची पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला, त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. टायसनने १९९७ साली होलीफिल्डचा कान चावला होता, त्याचेही कोणी केले नाही. पण खांदे टेकले की नाहीत एवढे एक पाहण्यासाठी पूर्वी हजारो डोळे मातीला लागलेले असत आणि चितपट झाली की ती शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसत असे.

माझी मागणी साधी आहे. संघटना दोन राहायच्या तर खुशाल राहोत, गदाही दोन वाटोत. पण वर्षातून एकदा दोन्ही गदांचे मानकरी एकाच मातीत उतरवावेत. गुण नकोत, घड्याळ नको, बरोबरी नको; पाठ लागेल तेव्हा निकाल. मैदान कोल्हापूरचे खासबाग घ्या. शाहू महाराजांनी १९१२ साली ते बांधले, ते अशाच कुस्तीसाठी. दोघांतला कोणी एक हरेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईल. आमच्या पाटोद्याची, आष्टीची माणसे रात्रभर प्रवास करून येतील, भाकरी बांधून. तारीख तेवढी आधी कळवा. चैत्रानंतरची असू द्या, म्हणजे उसाच्या फडातून परतलेल्यांनाही येता येईल.